खाली मुंडी, चेंडू धुंडी

निवृत्त माणसाला छंद लावायला सगळं जग टपलेलं असतं. मी बँकेच्या ऑडिट खात्यात ३४ वर्षं काढली. निवृत्तीनंतर पहिल्या सहा महिन्यांत वाण्याची बिलं, दूधवाल्याचं कार्ड आणि सोसायटीचा ताळेबंद तपासून झाला. मग मी फ्रीजमधल्या कोथिंबिरीच्या जुड्या मोजायला घेतल्या, तेव्हा बायकोनं मुलीला फोन केला, "ह्यांना काही दिवस घराबाहेर न्या गं."

मुलीनं जावयांना सांगितलं. जावई गुरगावला मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि त्या हुद्द्याला गोल्फ चिकटूनच येतो. ते म्हणाले, "बाबा, दिवाळीनंतर शिमल्याला या. तिथून पुढं नालदेहराला जाऊ, गोल्फ खेळू. असा निसर्ग तुम्ही जन्मात पाहिला नसेल."

जावयांचं हे वाक्य शब्दशः खरं ठरलं. तीन तास मी त्या निसर्गात होतो आणि मी तो पाहिला नाही.

पण आधी सराव. ऑडिटवाला माणूस कुठंही तयारीशिवाय जात नाही. गोल्फचा चेंडू निदान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असावा लागतो, असं मी वाचलं. मोजपट्टी घेऊन मंडईत जाण्याचं धैर्य झालं नाही, पण अंदाजानं लिंबू त्याच मापाचं भरत होतं. मग रोज पहाटे सोसायटीच्या गच्चीवर, छत्री उलटी धरून, मुठीनं लिंबं मारायचा परिपाठ सुरू केला. पहिले दोन दिवस लिंबू जागेवरून हललं नाही. तिसऱ्या दिवशी ते जे उडालं ते कठड्यावरून थेट खाली. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी दोन.

पंचांग बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. सर्वपित्री अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या दारात रोज सकाळी एक लिंबू येऊन पडू लागलं, तेही चेपलेलं. त्यांनी पहिलं चिमट्यानं उचललं, दुसऱ्यावर गोमूत्र शिंपडलं आणि पाचव्या दिवशी गुरुजींना बोलावून घराची शांत केली. सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. मीही गेलो. शांतीचा शिरा फार सुरेख झाला होता, मी दोनदा मागून घेतला. तिथं सगळ्यांनी करणी करणाऱ्याला शिव्याशाप दिले, तेव्हा मीही मान डोलावली. मान खाली घालायचा तो माझा पहिला सराव.

नालदेहरा शिमल्याहून वीस-बावीस किलोमीटरवर, मशोबऱ्याच्या पुढं. उंची दोन हजार मीटरहून जास्त. नावाची फोड तिथले लोक नाग आणि देहरा अशी करतात. देहरा म्हणजे देऊळ, आपला देव्हारा त्याचाच भाऊबंद असावा. मैदानातच नागदेवतेचं लाकडी देऊळ आहे आणि भोवती देवदारच देवदार. हे मैदान सुरू होण्याचं श्रेय लॉर्ड कर्झनला देतात. कर्झन म्हटलं की आपल्याला शाळेतला वंगभंग आठवतो, आणि त्याच्या खाली पाच गुणांचा प्रश्न. पण या माणसाला ही जागा इतकी आवडली की १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या तिसऱ्या मुलीचं नाव त्यानं अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं.

हे ऐकून बायको रस्त्यातच थबकली.

"म्हणजे आपण लग्नानंतर माथेरानला गेलो होतो, म्हणून पोरीचं नाव माथेरान ठेवायचं?"

"व्हाइसरॉयची गोष्ट वेगळी असते."

"वेगळी कसली? शाळेत हजेरी घेताना काय म्हणत असतील तिला?"

मला मात्र वेगळीच शंका आली. १९०४ मध्ये पोरीला मैदानाचं नाव देण्याइतका प्रसन्न असलेला माणूस १९०५ मध्ये बंगालचे दोन तुकडे करतो. या दोन घटनांच्या मध्ये तो इथं एकदा मनापासून गोल्फ खेळला असला पाहिजे. एरवी माणूस इतक्या थराला जात नाही.

गोल्फला सदऱ्याला कॉलर लागते. कानटोपीबद्दल जावईही काही बोलले नाहीत, म्हणून बायकोनं ती माझ्या हनुवटीखालपर्यंत ओढली. त्या वेषात मी पहिल्या टीवर उभा राहिलो. टी म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा ती जागा. चहा मिळत नाही. विचारून झालं.

आमच्या चौकडीत मी, जावई, त्यांचे एक मित्र आणि मैदानावर भेटलेले एक निवृत्त कर्नलसाहेब. कर्नलसाहेबांची पाठ देवदारासारखी आणि खिशात नियमांची पुस्तिका. माझ्या दिमतीला एक कॅडी. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी जे हिशेब केले, ते पाहता त्याला गोवणं कृतघ्नपणाचं होईल.

कॅडीनं दांड्यांची पिशवी खाली ठेवली. गोल्फमध्ये एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ दांडे जवळ ठेवता येतात. बायकोनं ते एकेक मोजले.

"चेंडू एक, आणि त्याला मारायला चौदा?"

"प्रत्येकाचं काम वेगळं असतं."

"मी म्हटलं होतं ना, झारा वेगळा, कालथा वेगळा, डाव वेगळा. तर तेव्हा म्हणालात, घरात एवढ्या पळ्या कशाला!"

मी विषय बदलला. चेंडू ओळखू यावा म्हणून खूण करायची असते, असं जावयांनी सांगितलं होतं. मी खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं आणि माझ्या आठही चेंडूंवर बारीक टिकमार्क केला. ३४ वर्षं जे व्हाउचर बरोबर आढळलं, त्यावर मी हीच खूण करत आलो. हात जरा भरून आला.

आता खेळाचं मूळ सूत्र. जावई म्हणाले, "बाबा, एकच लक्षात ठेवा. डोकं खाली. नजर चेंडूवर. फटका मारून झाला तरी लगेच वर बघायचं नाही."

"आणि निसर्ग?"

"निसर्ग आहेच की."

"मग जमिनीकडेच बघायचं तर दीड हजार किलोमीटर कशाला आलो? खड्डे काय कोथरूडला कमी होते?"

पण सूत्र म्हणजे सूत्र. मी मुंडी खाली घातली. छत्रीच्या मानानं दांडा जड होता. मी जोर लावला, सुईंऽऽ आवाज आला, मी शहाण्या मुलासारखा खालीच बघत राहिलो. चेंडूही खालीच होता. दुसऱ्यांदा जोर लावला. या वेळी मातीचा गवतासकट सुटलेला एक मोठा तुकडा सुंदर वळण घेत हवेत गेला. "अच्छा गया," कॅडी म्हणाला. तो कशाबद्दल बोलतोय हे मी विचारलं नाही.

तिसऱ्याला चेंडू लागला. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे चेंडू सपाटीपेक्षा लांब जातो, हे जावयांनी वाटेत मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. विरळ हवेचा हा फायदा चुकीच्या दिशेलाही तेवढाच मिळतो, हे सांगायचं राहिलं. तो चेंडू मैदान सोडून, देवदार सोडून, माझ्या मते तालुका सोडून, सतलजच्या खोऱ्याकडे निघून गेला. खोरं फार रम्य आहे म्हणतात.

इथला प्रत्येक होल एक तर चढावर किंवा उतारावर. सपाटी म्हणून जी आहे ती टीवर उभं राहण्यापुरती. चढावर मारलेला चेंडू वर जातो, विचार करतो आणि परत पायाशी येतो. पगार झाल्यावर घरी येणाऱ्या मुलासारखा. एकदा तर मी मारलेल्या जागेच्याही मागं गेला. तिथं पर्यटकांना फिरवणारी घोडी उभी होती. घोड्यानं चेंडू हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी माझ्या खेळाबद्दल जेवढी मतं व्यक्त झाली, त्यात तेवढंच निःपक्षपाती होतं.

पहिल्या होलवर अखेर एक चेंडू भोकात पडला. भोकाचं तोंड १०८ मिलिमीटर, म्हणजे आमटीची वाटी. मी घाम पुसला आणि कॅडीला विचारलं, "कितने हुए?"

तो म्हणाला, "छे."

मला भरून आलं. 'छे! काय एवढं मनावर घेता!' असं तो मराठीतून माझं सांत्वन करतोय, असं मला वाटलं. मग कळलं की ते हिंदी होतं. सहा. मी मनात मोजले होते अकरा.

इथं माझी खरी परीक्षा होती. सतरा पैशांच्या फरकासाठी मी एकदा एका शाखेच्या कॅशिअरला रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवलं होतं. त्या माणसाची त्या दिवशी साखरपुड्याची तारीख होती. आणि आता पाच फटक्यांचा अपहार माझ्या डोळ्यांदेखत झाला होता, माझ्याच नावावर. मी कॅडीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हिमालयाची शांती होती. मी म्हणालो, "लिख दो."

एकदा वाट सापडली की पाय आपोआप पडतात. दुसऱ्या होलवर हवेत मारलेले फटके 'अंदाज घेणे' या सदरात गेले. तिसऱ्यावर झाडाच्या बुंध्याशी अडकलेला चेंडू कॅडीच्या पायाला चुकून लागला आणि चुकूनच मोकळ्या जागी आला. चौथ्यावर तर मीच त्याला विचारलं, "पाँच या छे?" तो म्हणाला, "जैसा आप बोलो, बाबूजी." हे वाक्य मला शाखांमधून चौतीस वर्षं ऐकू येत होतं, त्याची गोडी आत्ता कळली.

गोल्फमध्ये प्रत्येक होलला ठरावीक फटके मंजूर असतात, त्याला पार म्हणतात. एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल, तीन कमी तर अल्बट्रॉस. म्हणजे जो जो चांगला खेळावा तो तो मोठा पक्षी. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. पक्ष्यांशी माझा संबंध आला नाही. बोगीला बोगी जोडत मी अख्खी डेक्कन क्वीन उभी केली. मला खिन्न पाहून जावयांनी हँडिकॅप समजावून सांगितला. अगदीच कच्च्या खेळाडूला ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे अठरा होलांत साधारण तेवढे फटके हिशेबातून वजा. म्हणजे कर्जमाफी! तीही सरसकट, अर्ज न भरता. साहेबानं खेळ काढला तो उगाच नाही.

एवढ्यात मागून कुणीतरी जोरात ओरडलं, "फोर!"

मी गावसकरच्या जमान्यातला माणूस. हा शब्द ऐकला की माझे हात आपोआप जुळतात. मी मागं वळलो, मान वर केली आणि टाळ्या वाजवल्या. कानटोपीच्या गोंड्याला चाटून काहीतरी सूं करत गेलं. फोर म्हणजे 'चेंडू येतोय, डोकं वाचवा', हे मला आडवं पाडून माझ्या अंगावर पडलेल्या जावयांनी सांगितलं. आमच्या नात्यात इतकी जवळीक पूर्वी आली नव्हती. शिवाय अख्ख्या फेरीत मी एकदाच मान वर केली होती, ती अशी.

या सगळ्या काळात बायको मात्र मैदानभर हिंडत होती. तिनं काय काय पाहिलं! दूरची बर्फाची रांग पाहिली. कुठलासा निळा पक्षी पाहिला. नागदेवाच्या देवळाचं लाकडी कोरीव काम जवळून पाहिलं, माझ्या वतीनं नमस्कारही करून आली. देवदाराचं फळ झाडावरच सुटं होतं आणि त्याचा शेंडा खाली पडतो, हुबेहूब लाकडी गुलाबासारखा. ती फुलं ती वाकून वाकून कापडी पिशवीत गोळा करत होती. आपल्याकडच्या बायकांना दौऱ्यावर पाठवावं आणि नवऱ्यांनी खेळत राहावं, म्हणजे घरात निदान एकाला तरी प्रवास घडतो.

आणि मग सहावं होल आलं.

सहाव्याला समोर एक टेकाड आणि त्यापलीकडचं काही दिसत नाही. मी दांडा घेतला. दमलो होतो, त्यामुळे जोर लावला नाही. मुंडी खाली. आणि टक्! असा आवाज झाला, जसा रिकाम्या वाड्यात कुणी अडकित्त्यानं सुपारी फोडावी. हाताला काहीच जाणवलं नाही. कर्नलसाहेब इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले, "शॉट!" चेंडू टेकाडाच्या बरोबर मधोमध, सरळ रेषेत पलीकडे गेला होता. सगळ्यांनी पाहिला. म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांनी. मी खाली बघत होतो.

मी टेकाड जवळजवळ पळत चढलो. पलीकडे हिरवंगार, कातरलेलं गवत. त्यावर चेंडू नव्हता.

हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. पूर्वी पाच मिळायची, २०१९ पासून तीन केली. आमच्या घरात चष्मा शोधायला दीड तास लागतो आणि तो बहुधा कपाळावर असतो. तीन मिनिटांत आम्ही चौघं, कॅडी आणि एक घोडेवाला गवतात ओणवे फिरलो. बायको पलीकडे उभी राहून दरी बघत होती. तिला विचारलं, "माझा चेंडू पाहिलास का गं?"

"तुमचा? नाही बाई."

तेवढ्यात मला तो दिसला. चेंडू नव्हे, माकड. खडकावर बसून काहीतरी चावत होतं, गाल फुगलेला. मी आरोळी ठोकली, "ह्यानं घेतला!"

कर्नलसाहेबांनी पुस्तिका काढली. कायदा स्पष्ट होता. थांबलेला चेंडू बाह्य घटकानं उचलला तर खेळाडूला दंड नाही. चेंडू मूळ जागी ठेवून पुढं खेळायचं. जनावर हा बाह्य घटक आहे. मी आनंदानं चेंडू ठेवायला वाकलो.

"पण," कर्नलसाहेब म्हणाले, "तसं घडलं हे जवळजवळ निश्चित असायला हवं. निदान पंचाण्णव टक्के. पुरावा आहे?"

पुरावा! मला, ऑडिटवाल्याला, पुरावा मागत होते. आम्ही सगळे माकडाकडे बघत राहिलो. माकडानं सावकाश जांभई दिली. तोंडात चेंडू नव्हता, मक्याचे दाणे होते. त्यानं ते नीट दाखवले, बँकेतले लोक लॉकर दाखवतात तसे, आणि तोंड मिटलं.

चेंडू हरवला असं धरून एक फटका दंड आणि पुन्हा टेकाडामागं जाऊन पहिल्यापासून सुरुवात. कर्नलसाहेबांचाही एक चेंडू मघाशी असाच सापडला नव्हता. त्यांनी मात्र कुणावर आरोप न करता, सलामी दिल्यासारखी मान लववून दंड घेतला होता आणि परत गेले होते. मीही गेलो. त्यानंतर तो टक् आवाज काही पुन्हा आला नाही.

नऊ होल संपले. कार्डावर माझे फटके भरले ५८. खासगी वहीतला आकडा मी कुणाला सांगणार नाही. तो मी बायकोलाही पगाराच्या आकड्यासारखा कमी करूनच सांगितला. कार्डावर दुसऱ्या खेळाडूची सही लागते. कर्नलसाहेबांनी कार्ड हातात धरलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, परत कार्डाकडे बघितलं. शाखा व्यवस्थापकांची प्रवासखर्चाची बिलं मी अगदी अस्साच बघायचो. मग त्यांनी सही केली आणि म्हणाले, "यू आर अ ब्रेव्ह मॅन, सर." १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजानं या खेळावर बंदी घातली होती, लोक गोल्फपायी तिरंदाजीचा सराव बुडवत होते म्हणे. मला वाटतं तिरंदाजी हे सांगायचं कारण होतं. राजानं कुणाचं तरी कार्ड पाहिलं असणार.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो. मान अजून खालीच होती, वर होत नव्हती. बायकोनं कापडी पिशवी पलंगावर रिकामी केली. लाकडी गुलाब घरंगळले. त्यांच्यामागून टप्, टप्, टप् असे तीन पांढरे चेंडू.

"हे काय?"

"गवतात पडले होते. चांगले कोरे दिसले, म्हणून उचलले. नातवाला होतील खेळायला."

मी एक उचलला. हिरव्या शाईचा बारीक टिकमार्क. दुसऱ्यावर काळ्या शाईत कर्नलसाहेबांच्या नावाची अक्षरं. तिसरा अजून बेवारस आहे. मैदानावर कुणी दिवसभर नशिबाला बोल लावत असेल तर हा त्याचा.

"अगं, मी तुला विचारलं होतं, माझा चेंडू पाहिलास का!"

"मग? तुमचे सगळे दरीत जात होते. हा मेला चांगला सरळ, मधोमध येऊन पडला. तुमचा असेल असं कसं वाटेल?"

यावर कुठल्याही पुस्तिकेत उत्तर नाही. मी जावयांना बोलावलं. ते आधी पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते. मग फोनवर नियम उघडून त्यांनी मला हळू आवाजात वाचून दाखवला. बाह्य घटक म्हणजे खेळाडू, त्याचा खेळातला जोडीदार, कॅडी असे सोडून मैदानावरची इतर कुणीही व्यक्ती. आणि सगळी जनावरं.

"म्हणजे बाबा," ते अगदी कुजबुजत म्हणाले, "आई आणि ते माकड एकाच कलमात येतात."

"हे तुम्ही सांगा तिला."

"मी? मला अजून दर दिवाळीला पुण्याला यायचंय."

बायको लाकडी गुलाब वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिनं विचारलं, "काय म्हणतायत जावई?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुझ्यामुळे मला दंड नव्हता, असं म्हणतायत."

"दंड कसला?" ती चेंडू पिशवीत परत टाकत म्हणाली. "मी होते म्हणून सापडला तरी."